आवाज दोनवर

नवरा कानानं जड झाला की बाईला त्याच्याशी खासगी असं काही बोलता येत नाही, हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लेकीला, ललिताला, दिवस राहिल्याची बातमी मी ह्यांना आतल्या खोलीत, दार लावून, अगदी कानाशी तोंड नेऊन सांगितली. दोनदा सांगितली तरी चेहऱ्यावर काही नाही. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं सांगितली, तर भिंतीपलीकडून सारजाबाईनं विचारलं, "कितवा लागला गं?" दुसऱ्या दिवशी नळावर बायका माझ्याकडे पेढे मागत होत्या आणि हे घरात मला विचारत होते, "काल ललिताचं काय सांगत हुतीस?"

दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत एका भिंतीवर दोन संसार टेकलेले असतात. त्यात नवरे सगळे इंजिनावरचे. वाफेच्या इंजिनाजवळ जन्म काढलेला माणूस कुजबुजत नाही, तो घरात भाकरी मागतो तीही शेडमध्ये पाना मागितल्यासारखी. त्यामुळे क्वार्टरांच्या लाईनीतले सगळेच पुरुष थोडेफार बहिरे, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. आमच्या ह्यांचं मात्र थोडंफारच्या पुढं गेलं होतं. ते कुणी बोलत नव्हतं. मीही नाही.

ह्यांचं नाव मच्छिंद्र. आता नातवंड येणार म्हटल्यावर नाव घ्यायला कसली लाज? मालगाडीचे ड्रायव्हर. इंजिनात कोळसा टाकत टाकत वर चढलेले. माझ्या सासऱ्यांनी हयातभर गावकीची कामं केली, पाटलाचा सांगावा घेऊन ऊन म्हटलं नाही की पाऊस म्हटला नाही. त्यांच्या पोरानं इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवला तेव्हा सासरे फलाटावर उभे होते. गाडी गेली तरी ते हात जोडून उभेच होते, कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली ह्यांचा इंजिनावरचा फोटो लावलाय तो त्यांनीच. हे सगळं मी अशासाठी सांगते, की इंजिन म्हणजे आमच्या घरात नुसती नोकरी नव्हती.

ह्यांच्या गाडीवर बरीच वर्षं गार्ड होते नोलन साहेब. अँग्लो-इंडियन, गोरे, उंच, आणि मराठी आमच्यापेक्षा झणझणीत, शिव्यांसकट. गाडी सुटताना गार्डानं शिट्टी फुंकायची आणि हिरवं निशाण दाखवायचं. नोलन साहेब शिट्टी फुंकून थांबत नसत. ह्यांनी मागं वळून हात करेपर्यंत निशाण हलवत राहायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या वर्षी, म्हणजे आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी, ते रिटायर होऊन मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाले. त्यांच्याकडे एक जपानी यंत्र होतं, रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. मेव्हण्यानं बोटीवरून आणलेलं. त्याला स्टिरिओ रिसिव्हर म्हणतात. त्याच्या स्पीकरच्या पेट्या वाळवीनं खाल्ल्या होत्या, म्हणून नुसता रिसिव्हर त्यांनी ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मच्छिंद्र, मी गेल्यावर मागं वळून बघत जा. नुसत्या कानावर राहू नकोस." हे हसले. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, देव जाणे.

नोलन साहेब गेले आणि पावसाळा संपता संपता ह्यांचा फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारा म्हस्कू, एक दिवस दुपारी नळावर आला. हंडा भरून घेण्याचं निमित्त. म्हस्कू धनगराचा पोरगा, ह्यांना आप्पा म्हणणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण तोंड उतरलेलं.

"वैनी, कुनाला सांगू नगा. काल पुढं लाईनीचं काम चाललं हुतं म्हून रुळावर फटाकं ठिवल्यालं. चाक गेलं की फुटत्यात, आन् ड्रायव्हरनं आवाज ऐकून गाडी आवरायची आसती."

"मग?"

"एकामागं एक फुटलं. आप्पांनी एक बी ऐकला न्हाई. मी हात धरला तवा ब्रेक दाबला. म्होरं ग्यांगची मान्सं रुळावरच हुती वो." त्यानं हंडा उचलला, परत खाली ठेवला. "माझं ध्यान हुतं म्हून बरं. पर वैनी, माझं बी कवा ध्यान नसलं तर?"

त्या दिवसापासून माझी झोप गेली. रुळावर वाकलेली माणसं मला भाकरी थापतानासुद्धा दिसायला लागली. त्यांच्याही बायका असतील, नळावर उभ्या असतील. ह्यांना विचारावं असं रोज वाटायचं. पण विचारायचं म्हणजे ओरडायचं. मी ओरडून विचारलं असतं, "तुम्हाला फटाके ऐकू आले नाहीत का?" तर सगळ्या लाईनीला कळलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत शेडला. मग मी गप्प बसले. भीती गिळायची आणि डबा भरून द्यायचा. ते परत येईपर्यंत येणाऱ्या प्रत्येक इंजिनाच्या शिट्टीकडे कान लावून बसायचं. आमच्या घरात ऐकण्याचं सगळं काम माझ्याच वाट्याला आलं होतं, आणि मी दमून गेले होते.

दिवाळीनंतर ह्यांचं मेडिकल होतं. ड्रायव्हर लोकांची अधूनमधून तपासणी होते. डोळे बघतात, आणि कानासाठी डॉक्टर पाठीमागं उभं राहून साध्या आवाजात आकडे म्हणतो. ते ऐकून परत सांगायचे. नाही सांगता आले तर इंजिनावरून खाली. मागच्या वेळी ह्यांचं कसंबसं निभावलं होतं. या वेळी कसं निभावणार, याचा ह्यांनी एक उपाय काढला होता, आणि तो उपाय म्हणजे नोलन साहेबांचा रिसिव्हर.

"कानाला सराव न्हाई राह्यला," ते मला सांगत होते. हा विषय त्यांनी आपणहून काढलेला हा पहिलाच दिवस. "इंजिनाचा धडधडाट ऐकून कान बोथाटलंत. त्यास्नी बारीक ऐकायची सवय लावायची. थंड पडल्यालं इंजिन एकदम पळतंय व्हय? दमानं तापवावं लागतंय."

रिसिव्हरच्या तोंडावर आवाजाचं मोठं गोल बटण होतं, त्याच्याभोवती दहापर्यंत आकडे. वर काचेत दोन काटे, आवाजाबरोबर हलणारे. ह्यांचं म्हणणं असं, की सातवर सुरुवात करायची, रोज ऐकायचं, आणि थोडं थोडं खाली येत मेडिकलपर्यंत दोनवर यायचं. दोन म्हणजे माणूस माणसाशी बोलतो तेवढा आवाज. दोनवरच्या बातम्या ऐकू आल्या की डॉक्टरचे आकडेही ऐकू येणार. सुताराला फळी दाखवून सांगावं तितकं त्यांनी ते मला नीट सांगितलं. मला ते खरं वाटावं असं इतकं वाटत होतं, की मी मान हलवली.

पण स्पीकर नव्हते. तेव्हा शिरूरहून माझ्या धाकट्या भावाला, पोपटला, बोलावणं गेलं.

आमचं माहेर इनामगावचं. तिथं पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पुण्याची माणसं येऊन माती चाळतात आणि जुनी गाडगी काढतात. आमच्या पोपटला मात्र मातीत कधी रस नव्हता. त्यानं शिरूरला एसटी स्टँडच्या मागं दुकान टाकलं, पोपट साउंड सर्व्हिस. जयंती असो, लग्न असो, निवडणूक असो, भोंगा पोपटचाच. त्याची कामाची एक रीत होती. भोंगा झाडाला बांधायचा, गाणं लावायचं आणि आपण चालत गावच्या शिवेपर्यंत जायचं. शिवेवर ऐकू आलं तर स्पीकर आणि अँप्लिफायरचं जमलं. नाही आलं तर परत येऊन आणखी वाढवायचं. सगळा तालुका त्यानं असा शिवेवर उभं राहून मोजलेला.

पोपटनं रिसिव्हर उलटा करून मागची पट्टी वाचली. वॅटला तो वाट म्हणतो. "दाजी, पंधरा वाट डाव्या अंगाला, पंधरा उजव्या. आठ ओमचं स्पीकर लागत्याल. माझ्याकडं जुन्या रेडिओचं हायती, तेच टाकू."

त्यानं ते जोडले, सातवर लावलं, आणि सवयीप्रमाणं बाहेर पडून लाईनीच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. मी दारातून बघत होते. टाकीजवळून त्यानं हात वर केला. ह्यांनी घरातून हात वर केला. सारजाबाईनं कपाळाला हात लावला.

ते स्पीकर आठवड्यातच गेले. घरभर जळक्या लाखेचा वास. पोपट आला, उघडून बघितले, म्हणाला, "बैल दांडगा आन् औत हलकं. पाच वाटचा स्पीकर पंधरा वाटाखाली कसा टिकंल? माझीच चूक."

दुसरी जोडी त्यानं पुण्याहून मागवली, वीस वाटची. शिरूरच्या सुताराकडून प्लायवूडच्या पेट्या करून घेतल्या, पुढं जाळीचं कापड, आणि त्या मांडीवर घेऊन न्हावऱ्यावरनं एसटीनं धक्के खात आला. देखणं काम होतं. मी पेट्यांवर भरतकामाचे रुमाल घातले. पण चार दिवसांत मला गाण्यातून फाटक्या कागदासारखी फरफर ऐकू यायला लागली.

"अवं, हे फरफरतंय," मी म्हटलं.

"काय?"

"फर-फर-तंय!"

"कुठं? साफ हाय की."

पोपट पुढच्या खेपेला आला तेव्हा मी त्यालाही ऐकवलं. त्यानं कान लावला, ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी त्याच्याकडं बघितलं, आणि दोघं माझ्याकडं बघून हसले. "आक्का, तुला स्टिरिओची सवय न्हाई. ह्याचा आवाज आसाच भरीव आसतोय."

मला असा राग आला! लहानपणी ह्याच पोपटला मी कडेवर घेऊन हिंडले, त्याचं नाक पुसलं, आणि आता तो मला आवाज कसा असतो ते शिकवत होता. मी आत जाऊन भांडी जरा जोरानंच ठेवली. ती तरी कुणाला ऐकू गेली असतील तर शपथ.

मी एक गोष्ट मात्र पोपटला सांगितली नव्हती. रोज सकाळी रिसिव्हर पुसताना मी त्या बटणाकडे बघत असे. सुरुवात सातवर झाली होती. सातचं सहा व्हायला हवं होतं. सातचं साडेसात झालं, मग आठ, आणि आता ते नवावर होतं. मी ते रोज पुसत होते आणि रोज काही बोलत नव्हते. लाईनीत मात्र बोलणं सुरू झालं होतं. पाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायचं असतं आणि आमच्या घरातून बातम्या सगळ्या शेडला ऐकू जात होत्या.

ती जोडीही जळली. या वेळी पोपट गोंधळला. पंधरा वाटच्या रिसिव्हरवर वीस वाटचा स्पीकर जळायचं कारण नाही, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जमिनीवर बसून त्यानं स्पीकर उकलला, आतली काळी पडलेली तार बघितली, बटणाचा नऊ बघितला, आणि म्हणाला, "दाजी, तुमी रिसिव्हरला त्याच्या ताकदीच्या म्होरं पळवताय. शेवटाला तो गातच न्हाई, नुसता वरडतोय. त्या वरडण्यानं तार जळती. वाट वाढवून भागायचं न्हाई. आपल्याला आसा स्पीकर पायजे, थोडक्या वाटात जास्त बोलनारा. मोठ्या पेटीतला. तो आनतो. मग बघा, दोनवर ऐकू येतंय का न्हाई."

"दोनवर?" ह्यांनी विचारलं.

"दोनवर."

त्या वेळी ह्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ललिता जन्मली तेव्हा असा झाला होता. माझ्याही मनात आलं, खरंच असेल. चूक ह्यांच्या कानाची नसेलच. स्पीकरच जुळत नव्हते, एवढंच असेल. माणूस दमला की कशावरही विश्वास ठेवतो.

मेडिकलच्या आदल्या दिवशी दुपारी पोपट तिसरी जोडी घेऊन आला. पेट्या गुडघ्याच्या वर येतील एवढ्या. त्यानं भिंतीच्या दोन्ही अंगांना त्या ठेवल्या, दोन्हीकडच्या वायरी भिंतीच्या कडेनं आणून रिसिव्हरच्या मागं खोचल्या, आणि हे समोर सतरंजीवर बसले, मांडी घालून, पोर शाळेत बसतं तसे. पोपट शेजारी बसला. बटण दोनवर. टाकीपर्यंत जायचं या वेळी कुणाच्या मनात आलं नाही.

मी आत चहा टाकत होते. बाहेरून गाणं आलं. खरं सांगते, इतक्या दिवसांत त्या यंत्रातून मी पहिल्यांदाच गाणं ऐकलं. बाई गात होती, मागं बाजाची पेटी वाजत होती, आणि त्या बाईनं श्वास घेतलेला कळत होता. मी स्टोव्ह बारीक केला. हातातला चिमटा तसाच धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, जमलं गं चांगुणे, सुटलो.

"कसं दाजी?" पोपटचा आवाज.

"झ्याक!"

कप घेऊन मी बाहेर आले. दोघांच्या मागून, भिंतीच्या कडेनं रिसिव्हरच्या अंगाला वळले, तर पायात वायरी अडकल्या. मी सावरले, चहा सांडला नाही, पण दोन्हीकडच्या वायरी रिसिव्हरमधून निघून माझ्या पायाशी पडल्या. गाणं बंद पडलं. एकदम शांत. बाहेर कावळा ओरडला तेवढाच. मी जीभ चावली. आता दोघं माझ्याकडं वळून मला बोलणार म्हणून मी आधीच, "अगं बाई, चुकून वो," असं म्हणूनही टाकलं.

कुणी वळलं नाही.

काचेत दिवा होता, आणि ते दोन काटे अजून हलत होते. वर जायचे, खाली यायचे. वायरी निघाल्या तरी आत गाणं चालूच असावं. ह्यांची नजर काट्यांवर होती. काट्याबरोबर मान हलत होती, बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. पोपटचीही मान तशीच, तंतोतंत.

"आता साफ हाय का न्हाई?" पोपट म्हणाला.

"एकदम साफ. आन् बटान बघ, दोनवर."

"म्या म्हनलं नव्हतं? सगळा खेळ जुळवन्याचा आसतोय."

मी कप धरून उभी. ह्यांचं मला माहीत होतं. पण पोपट? माझा धाकटा भाऊ? वीस वर्षं भोंग्याच्या खाली उभा राहून तो लोकांची लग्नं वाजवत होता, आणि शिवेवर जाऊन थांबत होता, आणि ऐकू आलं नाही की आणखी वाढवत होता. मला वाटायचं गावोगावचे लोक हौशी. दोघं माझ्यासमोर बसून, न वाजणारं गाणं एकमेकांना छान छान म्हणून दाखवत होते. दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर हसून हसून माझं पोट दुखलं असतं. मला तिथं नुसतं खाली बसावंसं वाटलं.

मी कप खाली ठेवले. वायरींची टोकं उचलली आणि पुढं जाऊन दोघांच्या मध्ये धरली.

पोपटनं आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग रिसिव्हरच्या मागं, मग काट्यांकडं. त्याला एका क्षणात सगळं कळलं. त्याच्या धंद्यातलीच गोष्ट ती. चेहऱ्यावरचा रंग गेला. "आक्का, ही कवा निघाली?"

"मघाशीच."

हे वायरीकडं बघत राहिले. मग त्यांनी हात लांब करून रिसिव्हर बंद केला. काटे खाली पडले. चहाचा कप उचलून ते म्हणाले, "साखर कमी हाय." कमी नव्हती.

पोपट चहा न पिताच उठला. दारापर्यंत मी गेले. "आक्का," तो चप्पल घालता घालता म्हणाला, "मला वाटायचं तुमच्याकडं समदी हळू बोलत्यात." मग निघाला. त्याची हत्याराची पिशवी आतच राहिली होती. मी मागून हाक मारली, "पोपट! पिशवी!" तो चालत राहिला. पुन्हा हाक मारली. सारजाबाई बाहेर आली, पलीकडच्या दोन घरांतून बायका डोकावल्या, पोपट चालत राहिला. शेवटी मी पळत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकून वळला.

रात्री ह्यांनी जेवून पाठ फिरवली आणि झोपले. मी काय बोलणार आणि किती मोठ्यानं?

सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसून चकचकीत केले. मी भाकरी वाढली ती अर्धीच खाल्ली. मग उठून ते फोटोच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "चांगुणे, पाठीमागं हुबी ऱ्हा. डाक्टरवानी आकडं म्हन. लय मोठ्यानं नगं."

इतक्या दिवसांत त्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. स्पीकरवर विश्वास होता तोवर माझी गरज नव्हती. मी मागं जाऊन उभी राहिले. समोर त्यांची मान, मानेवर कोळशाचे जुने काळे ठिपके. ते धुतल्यानं जात नाहीत.

"बावीस," मी म्हटलं.

ते थांबले. "बत्तीस."

"अकरा."

"अकरा," ते म्हणाले. मला वाटलं आलं. पण पुढच्याला मी "साठ" म्हटलं आणि ते पुन्हा म्हणाले, "अकरा?" आणि मग त्यांचे खांदे जरासे वर आले, मार चुकवायला माणूस आकसतो तसे.

मला पुढचा आकडा सुचेना. आकडे म्हणायचे तरी कशाला? बरोबर आलेत म्हणावं तर ते पुन्हा इंजिनावर चढणार, आणि पुढं रुळावर माणसं वाकलेली असणार. चुकलेत म्हणावं तर फोटोतला हा माणूस फोटोतच राहणार. मी त्या मानेकडं बघत, साध्या आवाजात, डॉक्टरपेक्षाही हळू, म्हणाले, "म्हस्कूनं मला समदं सांगितलंय. तवापास्नं मला झोप न्हाई. मला तुमच्यासाठी लय भ्या वाटतंय. त्या रुळावरच्या मान्सांसाठी बी वाटतंय. आता नगा जाऊ इंजिनावर. मी दमले वो."

ते विचार करत होते. मान किंचित वाकडी करून, डावा कान पुढं करून. मग म्हणाले, "सत्तेचाळीस."

मी पाऊल पुढं टाकलं.

"बराबर?" त्यांनी न वळता विचारलं. "सत्तेचाळीस न्हवं?"

मी फिरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझं तोंड बघून ते गोंधळले. "चुकलं?"

"आकडा न्हवता," मी म्हटलं.

"काय?"

"आकडा न्हवता त्यो!"

"मग काय म्हनलीस?"

आता तेच पुन्हा सांगायचं होतं, आणि ऐकू जाईल असं सांगायचं होतं. आयुष्यात मी त्यांना असलं काही कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची वेळ आली तीही अशी. मी ओरडले. "मला तुमच्यासाठी भ्या वाटतंय! फटाकं फुटलं आन् तुमाला ऐकू आलं न्हाई! मान्सं मेली आसती! नगा जाऊ आता इंजिनावर, मी हात जोडते!" पलीकडं सारजाबाईची भांडी घासायची थांबली. बाहेर नळावरचा कलकलाट थांबला. सगळी लाईन गप्प झाली आणि मी तोंडाला पदर लावून उभी राहिले.

त्यांना सगळं ऐकू आलं. एकेक शब्द. त्यांनी पुढं होऊन माझा हात धरला आणि म्हणाले, "हळू बोल की गं. लोकं ऐकत्यात."

मग ते सतरंजीवर बसले. समोर त्या गुडघ्याएवढ्या दोन पेट्या, वर माझे भरतकामाचे रुमाल, वायरी अजून जमिनीवर तशाच. इंजिनाच्या फोटोकडं त्यांनी एकदा बघितलं. बाहेर कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

"चांगुणे," शेवटी ते म्हणाले, "तू बी चल दवाखान्यात. मी त्यास्नी सांगतो काय ते. पर डाक्टर मला काय म्हनंल, ते सांगाया कुनीतरी संगं पायजे."

मी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि चपला शोधायला लागले.